मंगळवारची बुंदी
बुंदीचा वास आला की मला मळमळतं. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं आणि मी तिथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो होतो. प्रयोगासाठी ठेवलेल्या माकडाला पिंजऱ्यात धड उभंही राहता येत नसे, खालच्या ट्रेमध्ये चार-चार दिवसांची घाण साचलेली. दर मंगळवारी, तिकडे तो मारुतीचा वार म्हणून, आमचे नागपूरकडचे साहेब चपला काढून त्याच पिंजऱ्यापुढे हात जोडत आणि जाळीतून बुंदी टाकत. एकदा मी म्हटलं, "सर, याले मोठा पिंजरा पाहिजे." साहेब भडकले, "देवासमोर काहून कटकट करून राहिला बे? प्रसाद घे." माकड घाणीतून बुंदी वेचून खात होतं. मी हात पुढे केला. बुंदी गोड लागली, त्याचीच किळस अजून गेलेली नाही.