मेहरचं माहेर

गावच्या आमच्या घराची पूर्वेकडची बाजू, विहीर आणि बरक्या फणसासकट, माझ्या हातून गेली ती एका मौलानांमुळे. मौलाना जाऊन दोन वर्षं झाली. माणूस चांगला होता. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही.

कांदिवलीत माझा छापखाना आहे. गिरणी बंद पडल्यावर वडील गावी गेले. मी इथेच राहिलो आणि लग्नपत्रिका छापत छापत स्वतःचा गाळा घेतला. घासाघिशीत माझा हात कुणी धरत नाही. मौलाना रत्नागिरीकडचे. मदरशात शिकले, मग नोकरी सांभाळून वकिली शिकले. मुसलमान बायकांचे हक्क धर्मग्रंथांतूनच काढून दाखवायचे, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. त्यामुळे स्वतःच्याच मोहल्ल्यात सलाम कमी, शिव्या जास्त. तलाकवर एक पुस्तक, निकाहनाम्यातल्या अटींवर दुसरं. तिसरं घेऊन ते माझ्याकडे आले.

"उर्दूत का नाही छापत?" मी विचारलं.

"उर्दूत लिहिलं की मौलवी वाचतात. मराठीत लिहिलं की कोकणातल्या आमच्या बाया वाचतात. मौलवींना काय, सगळं ठाऊकच असतं."

भावावरून आमची तासभर जुंपली. मी चढवायचो, ते शांतपणे चहा मागायचे. चहा माझा.

पुस्तक होतं मेहरवर. लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायचं धन म्हणजे मेहर. ते तिचं एकटीचं, दिलं नाही तर नवऱ्यावर कर्ज. हे मला आज माहीत आहे. तेव्हा वाटलं, मौलानांचं शुद्धलेखन कच्चं. मेहर? माहेर म्हणायचं असेल! कॉम्प्युटरवर एका फटक्यात पुस्तकभर 'मेहर'चं 'माहेर' केलं आणि उपकार केल्याच्या आनंदात प्रुफं बहिणीकडे पाठवली.

बहीण मुलुंडला राहते. शाळेत मराठी शिकवायची. माझी प्रुफं ती फुकट वाचते. त्या महिन्यात मला तिच्याकडून आणखी एक गोष्ट फुकट हवी होती. वडील नुकतेच गेले होते. घरावरचा हक्क सोडते, असा कागद करून मी छापखान्याच्या ड्रॉवरमध्ये तयार ठेवला होता. फक्त तिची सही बाकी. तेराव्याला चारचौघांत विचारलं, कागद ड्रॉवरमध्ये तयार आहे, सही करशील ना, तर म्हणाली, "बघू."

आठवड्याने ती प्रुफांचा गठ्ठा घेऊन छापखान्यात आली. मौलाना चहा पीत बसलेच होते.

"दादा, हे तू वाचलंस?"

"छापणारा वाचत बसला तर छापणार कधी?"

तिने चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, "'माहेर हा स्त्रीचा हक्क आहे. तो देऊन कुणी तिच्यावर उपकार करत नाही.'"

मौलानांचा कप वाटेतच थांबला.

"पुढे ऐक. 'मयताच्या घरी, चारचौघांत, रडणाऱ्या बाईकडून माहेर माफ करून घेणे ही माफी नव्हे, जबरदस्ती आहे.'"

मौलाना एवढे हसले की टोपी हातात आली. "अहो भाऊ, माझा शब्द मेहर! आमच्यात नवरा गेला की जनाज्यापाशी बायकोला विचारतात, मेहर माफ केलंस ना? ती बिचारी काय बोलणार?"

"आमच्यात तेराव्याला विचारतात," बहीण म्हणाली.

मी भडकलो. "मौलाना, तुमचा कायदा तुमच्या घरी! आमच्या घरात नाक खुपसू नका!"

"मी कुठे काय म्हणालो? हे तर तुम्हीच लिहिलंय. माझ्या पुस्तकात घालून."

मी सरळ धंद्यावर आलो. "पडवी घे," मी बहिणीला म्हटलं.

"पडवी तू घे."

"बरं, मागची खोली. वर आंबे."

"अर्धं."

"अगं, तू वर्षातून चार दिवस जाणार तिथे!"

"तू तीन जातोस."

मौलाना मान खाली घालून चहा ढवळत होते. साखर कधीच विरघळली होती. आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्याने एक पायरीसुद्धा सोडली नाही, आणि शिकवलं होतं तिला मीच, लहानपणी बाजारात नेऊन.

"ड्रॉवरमधला कागद काढ," ती म्हणाली. मला वाटलं, सही करते. तिने तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर दुरुस्त्यांचे पान क्रमांक लिहायला घेतले. सगळं एका फटक्यात परत फिरवता येईना, कारण पुस्तकात काही बायका खरोखरच माहेरी जात होत्या.

ते चारचौघांतलं वाक्य मात्र मौलानांनी बदलू दिलं नाही. "राहू द्या. शिव्या देणारे देणारच, त्यांना नवं कारण मिळेल." दुसऱ्या आवृत्तीतही ते तसंच आहे. त्या आवृत्तीला त्यांनी माझ्याकडून भावही कमी करून घेतला.

मे महिन्यात फणस तिच्या बाजूला पिकतो. ती मला डबाभर गरे पाठवते, बिया काढून. मी डबा धुऊन परत देतो. गोड होते, असं अजून म्हटलेलं नाही.