आजारी टाकीची जाळी

माझी ताई माशांची डॉक्टरीण आहे. पदवी नाही, पाटी नाही, पण दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी आपल्या माशाचं रडगाणं गातं आणि मग खरेदीचं बघतं. कुणाचा मासा तळाला बसलेला असतो, कुणाचे पंख झडलेले असतात. ताई एकच विचारते, "पाणी शेवटचं कधी बदललंत?" गिऱ्हाईक छताकडे बघतं. मग ती सुनावते. खाऊ घालघालून मारता आणि वर माझ्याकडे औषध मागता, असं तोंडावर बोलणारी दुकानदारीण मी दुसरी पाहिली नाही.

दुकान तळघरात आहे. चाळीस टाक्या, खिडकी एकही नाही, आणि वर जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी भावोजींची खुर्ची. कंबर गेल्यापासून ते तिथूनच हुकूम सोडतात. हे सगळं ताईला त्यांनीच शिकवलं, हे दिवसातून एकदा तरी ऐकवतात. नऊ वर्षांत ताई दुकान सोडून साध्या लग्नालाही गेली नव्हती.

त्या महिन्यात मात्र ती परगावी लेकीकडे जाणार होती. लेकीचे दिवस भरत आले होते, पहिलंच बाळंतपण, आणि ती फोनवर रोज विचारायची, "आई, येशील ना नक्की?" बॅग भरून झाली होती. महिनाभर नवे मासे आणायचे नाहीत असं ठरलं. खाणं घालणं, दिवे लावणं एवढं भावोजींना जमणार होतं. "जा की, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ते म्हणाले.

निघायला चार दिवस उरले असताना मोठ्या टाकीतल्या माशांवर पांढरे ठिपके दिसले, मीठ शिंपडल्यासारखे. मागची आजारी माशांची वेगळी टाकी सोडली तर सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं, त्यामुळे दोन दिवसांत ते सगळीकडे पसरले. हा रोग महाचिवट. जंतू कातडीखाली असेपर्यंत औषध त्याला शिवत नाही. तो गळून पाण्यात पोहायला लागला की मगच मरतो. म्हणून पाणी कोमट ठेवायचं, औषध चालू ठेवायचं, रोज तळाची घाण उपसायची, आणि ठिपके दिसेनासे झाले तरी हात आखडायचा नाही. दोन आठवडे तरी धरायचे. बादल्या उचलणं भावोजींच्या कंबरेला झेपणारं नव्हतं. ताईने बॅग रिकामी केली.

मला राग आवरेना. "आलं कुठून हे? तू तर नवा मासा तीन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय कुणात मिसळत नाहीस."

"मागच्या वेगळ्या टाकीत ठिपकेवाले चार होते," ताई म्हणाली. "त्यांची जाळीही वेगळी, तिथेच खिळ्याला असते. सोमवारी ती मला मोठ्या टाकीच्या काठावर सापडली. ओली."

"विसरले असतील भावोजी."

"एका टाकीतला ओला हात दुसरीत घातला म्हणून ह्यांनी मला गिऱ्हाइकांसमोर झापलंय. ते विसरतील?"

माझं डोकंच फिरलं. मी तरातरा जिन्याकडे निघाले, तर तिने माझं मनगट धरलं. "विचारू नकोस. हो म्हणाले तर मला इथे राहता येणार नाही."

औषध सुरू केल्याच्या सहाव्या दिवशी नात झाली. भावोजींनी चष्मा लावून फोनवरचा फोटो पाहिला आणि नाक आपल्या घराण्याचं आहे म्हणाले. ताई हातात बादली घेऊन उभी होती. लेक तिच्याशी दोन वाक्यं बोलली आणि थकलेय म्हणून फोन ठेवला. ते ताईला फार लागलं.

सोळा दिवसांनी टाक्या स्वच्छ झाल्या. बरेचसे मासे वाचले. भावोजी खुर्चीतून म्हणाले, "आता जाऊन ये लेकीकडे." ताई म्हणाली, "बघू."

ते जेवायला वर गेल्यावर मी तिला गाठलं. "आता कशाला अडलीस?"

ती काच पुसत राहिली. "गेले असते तर मी परत आले नसते गं. बॅग भरताना ते माझं मलाच कळलं नव्हतं. ह्यांना कळलं." तिने फडकं पिळलं. "आता मलाही कळलंय. म्हणून पाय निघत नाही."