विपील मिळणार नाही

चुवाबाख गावात शेपाला भांडखोर कोणी म्हणत नसे; हट्टी मात्र सगळेच म्हणत. नवरा गेला तेव्हा गावच्या संतीण सांता आनाची मूर्ती आणि तिची सेवा शेपाच्या घरी येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ही सेवा वर्षभराची, आणि ती जोडप्याने करायची असते. इतर सेवेकरी म्हणाले, मूर्ती दुसऱ्या घरी नेऊ. शेपा म्हणाली, "नवरा गेलाय. माझे हात जागेवर आहेत." पहाटे मूर्तीपुढे अंथरलेली पाइनची पानं बदलणं, धूप घालणं, सणाला अख्ख्या गावासाठी मका दळणं, सगळं तिने एकटीने पार पाडलं. म्हणूनच पुढे काही वर्षांनी सेवा पुन्हा तिच्याकडे आली, तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही.

त्याच वर्षीची ही गोष्ट.

जूनमध्ये अमेरिकेतल्या एका कॉलेजची मुलं गावात सेवा करायला येत. घराघरांत राहत, मक्याच्या भाकरी थापायला शिकत, शाळेची भिंत रंगवत. भिंत तीच, एका वर्षी निळी, दुसऱ्या वर्षी हिरवी. निरोपाच्या दिवशी त्यांच्यातल्याच एका मुलामुलीचं गावच्या कपड्यांत लुटुपुटूचं लग्न लावायचं, ही पद्धत पडली होती. पाडली होती शेपानेच. पहिल्या वर्षी घरी राहिलेल्या मुलीला तिने हौसेने आपला रोजचा विपील घातला. तो विणलेला सैल झगा त्या उंच पोरीला कमरेपर्यंतही पोचेना. बायका पोट धरधरून हसल्या. पुढच्या वर्षी त्याच हसण्याचा कार्यक्रम झाला आणि त्याचे फोटो कॉलेजच्या माहितीपत्रकात छापून आले.

यंदा निरोपाच्या दिवशी तिचा दीर बाश दुपारीच दारात आला. पाहुण्यांच्या समितीचा तो प्रमुख.

"वहिनी, यंदा नवरीला सांता आनाच्या पेटीतला मोठा विपील घालू. मुलांना घेऊन येणाऱ्या कॉलेजच्या बाईंनी मागच्या सणाला बघितलाय, तोच हवाय त्यांना."

"तो सांता आनाच्या सेवेकरणीचा आहे. सणाला निघतो."

"तासाभराचा तर प्रश्न आहे."

"मग तासभर तूच घाल. तुला शोभेल."

आतून सून वेल फिस्सकन हसली. बाशचा चेहरा पडला.

"चेष्टा नको. वरच्या गावाने त्यांना बोलावणं धाडलंय. आपण नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी बस तिकडे जाईल. आणि हे लग्नाचं खूळ काढलं कोणी? तूच ना?"

"मीच. माझा झगा होता, मी दिला. हा माझा नाही, तुझाही नाही."

"मग पेटी तुझ्याकडे ठेवायची की नाही, ते सेवेकरी ठरवतील," असं म्हणून तो तरातरा निघून गेला.

शेपाने विणायचा छोटा माग उचलला, एक टोक खांबाला बांधलं, दुसरं पट्ट्याने कमरेला, आणि थेट पेटीवर बसून विणायला लागली. घरी उतरलेली मेरिडिथ दारात उभी होती; यंदाची नवरी तीच व्हायची होती. तिला थोडं स्पॅनिश येई. वेलने तिला काय झालं ते सांगितलं. पोरगी लाल झाली. वेल म्हणाली, "आई, ती विचारतेय, तिने काय करावं म्हणजे तो विपील घालता येईल?"

"तिला म्हणावं, वर्षभर राहा. पहाटे उठ, सांता आनापुढे झाडलोट कर, गावाला जेवू घाल. मी स्वतः तुझ्या अंगावर घालीन. नवरीची सोंगं मात्र दुसऱ्या कपड्यांत करा."

संध्याकाळी बाश दोन सेवेकऱ्यांना घेऊन आला. दोघेही शेपाची नजर चुकवत होते.

"ऊठ वहिनी. पेटी न्यायची आहे."

शेपा उठली. कमरेचा पट्टा सोडला, विणकाम गुंडाळलं.

"ने. पण पेटी घरातून निघते ती ढोल वाजवत, धुपाच्या धुरात, सगळे सेवेकरी बरोबर घेऊन. ढोल आण. बाजारातून ने. लोक विचारतील कुठे निघाली, तर चौकात उभा राहा आणि मोठ्याने सांग, की पाहुण्यांच्या खोट्या लग्नाला निघाली."

थोरला सेवेकरी डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "बाश, हे मला सांगायला नाही जमायचं." दुसरा तर केव्हाच अंगणात पोचला होता.

बाश म्हणाला, "गावाचं नुकसान करतेस तू."

"गावाला विचारून ये."

तो गेला तो शाळेकडे. लग्न झालं, पण नवरीच्या अंगात वेलचा जुना विपील होता आणि नवरी दुसरीच कोणी होती. मेरिडिथ प्रेक्षकांत बसली. कॉलेजच्या बाईंनी फोटो काढलेच नाहीत.

पुढच्या जूनमध्ये बस खरोखरच वरच्या गावाला गेली. शाळेची भिंत हिरवीच राहिली. शेपाने पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोलीत मका भरला. बाजारात टोमॅटो विकणारी एक बाई मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "काहींच्या हट्टापायी आमच्याकडे आता कोणी फिरकत नाही."

शेपा टोमॅटो दाबून बघत होती. मान वर न करता म्हणाली, "येऊ दे की ज्याला यायचंय त्याला. जेवायला वाढीन, झोपायला जागा देईन. पेटी उघडणार नाही. आणि हे मऊ पडलेत, दुसरे काढ."