शिल्लक बलक मिळणेबाबत

२०२५ च्या श्रावणातल्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी सव्वादहा वाजता, माझ्या वडिलांनी उचगावातल्या आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर एक लेखी अर्ज ठेवला. अर्ज फुलस्केप कागदावर, निळ्या शाईत, समास सोडून लिहिलेला होता. त्यात अंड्याच्या तेरा बलकांची मागणी होती. तेराही एकाच दिवशी, येत्या रविवारी.

त्या वेळी खोलीत डॉक्टर, वडील, आई आणि मी, असे चौघे होतो. बाहेरच्या बाकावर एक आजोबा गुडघ्याला पट्टा बांधून नंबरची वाट बघत होते. खोली आणि बाक यांच्यामध्ये कापडी पडदा आहे.

मागची हकिकत अशी. जूनमध्ये वडिलांचं रक्त तपासलं. वाईट कोलेस्टेरॉल मर्यादेच्या थोडं वर निघालं. वय अडुसष्ट, साखर नाही, हृदयाची तक्रार नाही. तोवर घरात अंडं शिजेल त्या दिवशी ते दोन खात, पाहुणे असले की तीन. डॉक्टर म्हणाले, गोळी इतक्यात नको, आधी खाण्यावर बघू. पांढरं हवं तेवढं खा, पिवळं आठवड्याला तीन.

वडील अंडं उकडून खातात. आधी पांढरं दोन घासांत संपवतात, मग अख्खा बलक कांदा-लसूण चटणीत लोळवून एकाच घासात तोंडात टाकतात आणि त्यानंतर मिनिटभर कुणाशी बोलत नाहीत. नुसतं पांढरं त्यांना मान्य नव्हतं. "पांढरं हे पाकीट हाय," ते डॉक्टरांना म्हणाले होते. "पत्र आत असतंय."

आमच्याकडे सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा. अंडं शिजतं ते बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. वार तीन, बलक तीन. पहिले काही आठवडे तक्रार आली नाही. मग श्रावण लागला आणि अंडं पूर्ण बंद झालं.

वडील चौतीस वर्षं एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. कामगारांची हजेरी आणि रजा हे त्यांचं काम. रजेचे नियम त्यांना अजून तोंडपाठ आहेत. श्रावणातल्या दुसऱ्या बुधवारी, चहा पिताना, त्यांनी आपलं म्हणणं पहिल्यांदा मांडलं.

"बलक ही हक्काची रजा हाय," ते म्हणाले. "वापरली न्हाय तर साठती."

"किरकोळ रजा हाय ती," आई म्हणाली. "वापरली न्हाय तर बुडती. चौतीस वर्सं तुमीच सांगत हुता की मला."

"किरकोळ रजा माणूस सोता घेत न्हाय म्हणून बुडती. हितं कारखानाच बंद हाय."

"मग बंद कारखान्यात रजा मागतंय कोण?"

वडिलांनी चहा अर्धा ठेवला. पुढचे पंधरा दिवस हा विषय जेवताना रोज निघाला. मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि मत दिलं नाही. शेवटी वडील म्हणाले, हे घरात मिटणारं न्हाय, वरच्या साहेबाकडं जायाला पायजे.

वरचे साहेब म्हणजे डॉक्टर. त्यांनी अर्ज मोठ्यानं वाचला.

"विषय : शिल्लक बलक मिळणेबाबत. महोदय, आपल्या तोंडी आदेशान्वये अर्जदारास दर आठवड्यास तीन बलक मंजूर आहेत. श्रावण महिन्यात घरी अंडे शिजत नसल्याने तेरा बलक शिल्लक राहिले आहेत. सदर बलक अर्जदाराने स्वखुशीने सोडलेले नाहीत. सोमवारपासून पुन्हा देवाचे वार लागत असून बुधवारी गणपती बसत आहेत. तरी सदर शिल्लक रविवारी एकरकमी मंजूर व्हावी, ही नम्र विनंती. सोबत : कॅलेंडरचे पान, वर्तमानपत्राचे कात्रण."

कात्रणाचा मथळा होता, 'बलकाला घाबरू नका'. आईनं तेवढ्यात पर्समधून दुसरं कात्रण काढून टेबलावर ठेवलं. त्याचा मथळा होता, 'बलक टाळा, हृदय सांभाळा'. दोन्ही एकाच दैनिकातली होती, मध्ये काही वर्षांचं अंतर होतं. दोन्ही मथळे मी दिले होते. त्या काळात मी आरोग्य पुरवणीच्या डेस्कवर होते.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडरच्या पानाकडे बघितलं. बुधवार, शुक्रवार आणि रविवार लाल पेनानं गोल केले होते. मी ते मोजले. तेरा भरले.

"साहेब, गणित बराबर हाय का न्हाय तेवढं सांगा," वडील म्हणाले.

"गणित बरोबर आहे, काका. रक्त काय म्हणतंय ते बघू," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी उपाशीपोटी या."

"आणि वाढलं असलं तर?" आईनं विचारलं.

"तर पिवळ्याचा फेरविचार करावा लागेल. गोळीचाही."

म्हणजे तेरा मागायला गेलेल्या माणसाचे हातातले तीनही आता धोक्यात आले. गोळीचं नाव आईनं ऐकलं आणि पर्सची चेन लावली. ती जूनपासून एवढीच एक गोष्ट टाळत होती. पडद्यापलीकडून आजोबा म्हणाले, "पावणं, अर्ज माघारी घ्या."

वडिलांनी घेतला नाही. शुक्रवारी सकाळी सात वाजता रक्त दिलं. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता रिपोर्ट घेऊन आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. आजोबा बाकावर होते. गुडघा बरा आहे, निकालासाठी आलोय, असं त्यांनी विचारण्याआधीच सांगितलं.

डॉक्टरांनी जूनचा आणि ऑगस्टचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवला. वाईट कोलेस्टेरॉल वाढलं होतं.

"बघा," आई म्हणाली.

वडिलांनी चष्मा काढून खिशात ठेवला. वर्ष संपायला आलं आणि रजा नामंजूर झाली की कामगार काय करत, हे ते आम्हाला पूर्वी सांगत. कामगारही असेच चष्मा काढून खिशात ठेवत.

"काका, महिन्याभरात अंडी किती खाल्ली?"

"एक न्हाय."

"बाहेर? चोरून?"

"साहेब, श्रावण हाय. देवाला काय सांगणार?"

"मग हे वाढलं कशानं?"

पडद्यापलीकडून आवाज आला, "सांगा की, पावणं."

माहिती तुकड्यातुकड्यानं बाहेर आली. सोमवारी उपवास, साबुदाण्याची खिचडी. तूप किती, असं डॉक्टरांनी विचारलं. आईनं हातानं वाटी दाखवली, मग ती वाटी जरा लहान केली. नागपंचमीला पुरणपोळी, तिच्यावर तूप. नारळी पौर्णिमेला नारळीभात. रोज रात्री म्हशीच्या दुधावरची साय, साखर घालून. अंडं बंद म्हणून ताकदीला. ही साय आईच देत होती. शनिवारी वडील मारुतीला जात. देऊळ दहा मिनिटांवर आहे. त्यांना यायला दीड तास लागे.

"मधी कुठं थांबत हुता?" आईनं विचारलं.

"लोणी डोसा," वडील म्हणाले.

"किती?"

"लोणी का डोसा?"

पडद्यामागे आजोबांना ठसका लागला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी मला विचारलं, "आणि तुम्ही?"

फराळी चिवड्याची पुडी दर आठवड्याला मी आणत होते. वनस्पती तुपात तळलेला, पाव किलो. मी तसं सांगितलं.

त्यानंतर डॉक्टर सलग बोलले. बलकात कोलेस्टेरॉल असतं, हे खरं आहे. पण बहुतेक माणसांच्या रक्तावर त्याचा परिणाम थोडाच होतो. कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं, आणि लोणी, तूप, साय, वनस्पती तूप पोटात जास्त गेलं की रक्तात ते वाढतं. बलकात अ आणि ड जीवनसत्त्व असतं, बी-१२ असतं. साखर असती किंवा हृदयाचा त्रास असता, तर त्यांनी आणखी जपून सांगितलं असतं. तीन बलकांनी काकांचं काही बिघडलेलं नाही. तेरा एकदम खाल्ले तर मात्र रविवारी रात्री पोटासाठी वेगळा अर्ज करावा लागेल.

"म्हंजे ह्यो वाढीव आकडा माझ्या खिचडीचा," आई म्हणाली.

"थोडा तुझ्या, थोडा माझ्या मारुतीचा," वडील म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

डॉक्टरांनी अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात शेरा लिहिला : 'शिल्लक नामंजूर. बलक साठत नाहीत. आठवड्यास तीन कायम. लोणी, साय, फराळी चिवडा बंद. खिचडीस तूप एक चमचा. गोळी तूर्त नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.' खाली सही केली. वडिलांनी शिक्का मागितला. तोही मारला.

"किरकोळच निघाली की," आई पायरी उतरताना म्हणाली.

"पण कायम," वडील म्हणाले.

बाकावरच्या आजोबांनी उठून वडिलांशी हात मिळवला.

रविवारी सकाळी आईनं तीन अंडी उकडली. येत्या आठवड्याचे बुधवार आणि शुक्रवार गणपतीत जाणार होते, पण तो मुद्दा वडिलांनी काढला नाही. त्यांच्या ताटलीत एक अंडं आलं, उरलेली दोन आईनं आणि मी घेतली. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी पांढरं संपवलं. पिवळं संपायला नऊ एकवीस झाले.