रेडिओ कोरियन शिकतो

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सलूनच्या मालकाला सगळे रेडिओ म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याचे कान याच सलूनच्या खुर्चीत किटले असणार. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री हातात आली, की रेडिओ सुरू. निवडणुका, हवापाणी, कोणाच्या मुलाने कुठे घर घेतलं, टक्कल पडू नये म्हणून डोक्याला काय लावावं. हे शेवटचं ज्ञान तो स्वतःच्या गुळगुळीत टकलावरून हात फिरवत द्यायचा आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. गिऱ्हाइकाने मध्ये तोंड उघडलंच तर "हो हो, बरोबर" म्हणायचं आणि आपली गाडी पुढे हाकायची. ऐकणं हे काम त्याने कधी अंगाला लावूनच घेतलं नव्हतं.

हात मात्र सोन्याचा. दोन्ही कल्ले असे सारखे उतरवायचा की बडबड सहन करूनही माणसं दुसरीकडे जात नसत.

त्याची बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. कामाला बसली की तिच्या तोंडात टाचण्या, म्हणून बोलणं बंद. त्यामुळे संसार कसा अगदी जुळून गेला होता. एकाच्या तोंडाची टकळी थांबत नसे आणि दुसरीच्या तोंडातल्या टाचण्या निघत नसत. ती त्याला 'अहो' म्हणायची, तो तिला 'अगं' म्हणायचा आणि एवढ्यावर त्यांचं सगळं भागायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी कोरियाला गेली आणि तिथल्याच एका भल्या मुलाशी लग्न करून तिथेच राहिली. नात आता सहा वर्षांची होती. आजोबांवर गेलेली, म्हणजे तोंडाला खळ नाही. पण बोलायची सगळं कोरियनमध्ये. दर रविवारी फोनच्या पडद्यावर ती नाक टेकवून आजोबांना काहीतरी विचारायची. जावयाने रेडिओला एक शब्द शिकवून ठेवला होता, 'ने', म्हणजे हो. तेवढ्या भांडवलावर रेडिओ मान डोलवत "ने, ने" करायचा. गिऱ्हाइकांना लागू पडणारं औषध नातीलाही लागू पडेल असं त्याला वाटत असावं.

एका रविवारी नातीने प्रश्न विचारला, "ने, ने" ऐकलं, आईकडे वळून काहीतरी पुटपुटली आणि निघून गेली. पुढच्या रविवारी ती फोनजवळ आलीच नाही.

"त्या दिवशी काय म्हणाली गं ती?" रेडिओने विचारलं.

"जाऊ द्या ना बाबा, लहान आहे."

"सांग तरी."

मुलगी जरा घुटमळली. "म्हणाली, आजोबांना काही कळतच नाही. नुसतं हो हो करतात."

रेडिओ हसला, पण ते वाक्य त्याच्या फार मनाला लागलं. मुलगी किती दिवस मागे लागली होती की दोघं इकडे येऊन राहा थोडे दिवस. आणि हा दरवेळी नवं निमित्त काढायचा. दुकान कोण बघणार, विमानात माझे कान दुखतात, गुडघा कुरकुरतोय. खरं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याला भीती वाटत होती. जिथे आपल्या तोंडाचा काडीचा उपयोग नाही अशा घरात आपण ठोकळ्यासारखे बसून राहणार, आणि नात आपल्याला कंटाळणार. आता तर ती आधीच कंटाळली होती.

त्याच आठवड्यात त्याने चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत चालणाऱ्या कोरियनच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग लहानसा होता. कोरियन मालिका बघून बघून अर्धी भाषा शिकून आलेल्या दोन कॉलेजच्या मुली, तिकडे नोकरी मिळवू पाहणारी एक नर्स, आणि रेडिओ. शिकवणारी बाई वयाने त्याच्या मुलीएवढी, पण नजर अशी की समोर बसल्यावर पाठ आपोआप ताठ व्हावी. तिचा एक नियम होता. वर्गात जो सगळ्यात नवा, त्याने दाराजवळच्या खुर्चीवर बसायचं. आणि पुढचा नवा विद्यार्थी आला की सगळ्यांदेखत उभं राहून त्याचं कोरियनमध्ये स्वागत करायचं, नाव विचारायचं आणि आपली खुर्ची त्याला द्यायची. मग तो जुना झाला, पुढच्या रांगेत गेला. नर्सने रेडिओचं स्वागत इतकं घडाघडा केलं होतं की त्याला वाटलं, त्यात काय एवढं!

आणि मग त्याची पाळी आली. बाई म्हणाल्या, "काका, उभे राहा, स्वतःबद्दल एक वाक्य बोला." रेडिओ उभा राहिला. सगळे चेहरे त्याच्याकडे वळले आणि त्याच्या लक्षात आलं, की जन्मभर आपण बोललो ते माणसांच्या मागे उभं राहून. समोर फार तर आरसा असायचा, आणि हातात कात्री. इथे हात रिकामे. त्यांचं काय करायचं तेच कळेना. जीभ टाळ्याला जी चिकटली, ती चिकटलीच. बाईंनी शेवटी त्याला बसवलं. त्यानंतरही दर वेळी तेच. वाचायला यायचं, लिहायलाही यायला लागलं, पण उभं केलं की दातखीळ. नवीन कोणी येतही नव्हतं, म्हणून तो मनोमन देवाचे आभार मानत त्या दाराजवळच्या खुर्चीत महिने काढत होता.

घरी मात्र फुशारक्यांना ऊत आला होता.

"बाई म्हणाल्या, काका, तुमच्यासारखं बोलणारं वर्गात कोणी नाही." हे एका अर्थी खरंच होतं.

बायकोने तोंडातली टाचणी काढली. "मला जमेल का हो?"

"तुला?" रेडिओ खो खो हसला. "अगं, ते काय काजं करण्याइतकं सोपं आहे?"

बायकोने टाचणी परत तोंडात ठेवली. रेडिओला वाटलं, विषय मिटला. इतकी वर्षं संसार करूनही या माणसाला बायकोच्या गप्प बसण्याचा अर्थ कळला नव्हता. दोन दिवसांनी जेवताना तिने शांतपणे सांगितलं, "थंडी सरली की मी लेकीकडे जाणार आहे. तुम्ही आलात तर बरं. नाहीतर मी एकटी जाईन."

"एकटी? आणि तिथे बोलशील काय?"

"ते माझं मी बघेन."

त्यानंतरच्या वर्गात बाईंनी टाळी वाजवली. "आज नवीन विद्यार्थी आहेत बरं का. काका, तयार राहा." स्वागताचं वाक्य रेडिओला पाठ होतं. 'ह्वान्योंग-हाम्निदा', तुमचं स्वागत आहे. दुकानात त्याने त्याचा इतका सराव केला होता की त्या भरात एका मास्तरांचा एक कल्ला कानाच्या वर गेला होता. दार उघडलं आणि खांद्याला शिवणाची पिशवी अडकवलेली त्याची बायको आत आली.

आता मात्र रेडिओचं पितळ उघडं पडायची वेळ आली. तो उभा राहिला. बायको समोर उभी. तिच्या तोंडात आज टाचण्याही नव्हत्या. मुली बघतायत, नर्स बघतेय, बाई बघतायत, आणि पाठ केलेलं वाक्य पार कुठल्या कुठे पळून गेलं. बायको हसली नाही. तिने फक्त एकदा त्याच्या घामेजलेल्या हातांकडे पाहिलं. मग पिशवीत हात घालून आपला हातरुमाल काढला आणि त्याच्या हातात दिला. घाम पुसायला दिला होता तिने.

पण हातात कापड आलं आणि रेडिओचे हात जन्मभराच्या सवयीने आपणहून चालायला लागले. तो वळला, खुर्ची पुढे ओढली, बैठकीवर रुमालाचे दोन फटके मारले, खुर्ची तिच्याकडे फिरवली, आणि दुकानात गिऱ्हाइकाला दिवसभर म्हणायचा तेच तोंडातून निघालं. या, या, बसा. फक्त ते कोरियनमध्ये निघालं.

"ओसो ओसेयो! योगी आन्जुसेयो!"

मुली फिसकन हसल्या. बाईंनाही हसू आवरेना. "काका, बरोबर आहे हो, पण हे दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतात! नाहीतर घरी पाहुणा आला की. वर्गातल्या माणसाला असं कोणी म्हणत नाही."

"मी दुकानदारच आहे," रेडिओ म्हणाला. त्याला इतकं हलकं वाटत होतं की विचारू नका. "आणि ही पाहुणी नाही. बायको आहे माझी."

वर्गात एकच कल्लोळ झाला. बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. "बायको घरी. इथे नवीन विद्यार्थी. नाव विचारा."

रेडिओने रुमालाची घडी करत विचारलं, "इरुमी म्वोयेयो?" आपलं नाव काय?

बायकोने नाव सांगितलं. नियमाप्रमाणे त्याने ते परत उच्चारायचं होतं, पुढे कोरियन पद्धतीचा मानाचा प्रत्यय लावून. रेडिओने तोंड उघडलं आणि क्षणभर थांबला. हे नाव आपण शेवटचं कधी घेतलं होतं? लग्नात घेतलं असेल. त्यानंतर नुसतं 'अगं'. त्याने हळूच ते नाव घेतलं, मान देऊन, अहोजाहो करून. बायको लाजली. खरोखर लाजली, आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून दाराजवळच्या खुर्चीत बसली. त्याला ती फार आवडली त्या वेळी.

परत जाताना जिन्यात ती म्हणाली, "तुमच्यासारखं बोलणारं वर्गात कोणी नाही म्हणे!"

"आज तरी बोललो की नाही?"

"बोललात. आता जरा ऐकायलाही शिका. बाईंनी शेवटी कुठलं वाक्य शिकवलं, सांगा बघू."

रेडिओला सांगता येईना. तो स्वतःच्या पराक्रमात गुंग होता. बायकोने ते वाक्य घरी पोचेपर्यंत त्याच्याकडून घोकून घेतलं. गल्लीच्या कोपऱ्यावर पोचले तेव्हा तो चिडला होता, पण वाक्य पाठ झालं होतं.

रविवारी फोन लागला. मुलीने नातीला ओढूनच पडद्यासमोर आणलं. ती तोंड फुगवून उभी राहिली.

"ओसो ओसेयो!" रेडिओ म्हणाला.

नातीचे डोळे मोठे झाले. तिने पडद्याला नाक लावलं आणि भरभर काहीतरी विचारलं. रेडिओचं तोंड सवयीने उघडलं. 'ने, ने' अगदी ओठांवर आलं होतं. बायकोचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं. त्याने तोंड मिटलं आणि बायकोने घोकून घेतलेलं वाक्य म्हटलं.

"ताशी मार्हे जुसेयो." परत एकदा सांगा.

पलीकडे मुलगी चकित होऊन बापाकडे बघत राहिली. नातीला मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. मंद मुलाला समजवावं तसं तिने एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"हाराबोजी. ओन्जे. वायो?"

हाराबोजी म्हणजे आजोबा. ओन्जे म्हणजे कधी. वायो म्हणजे येता. आजोबा, कधी येता?

"दर वेळी हेच विचारायची ती," मुलगी हळूच म्हणाली. "आणि तुम्ही हो म्हणायचात."

इतके रविवार पोर हेच विचारत होती आणि आपण मान डोलवत बसलो होतो. रेडिओने बायकोकडे पाहिलं. वर्गात बाईंना विचारून ठेवलेला एक शब्द ती कानाशी कुजबुजली आणि त्याने तो मोठ्याने म्हटला.

"पोमे!" वसंतात.

नात किंचाळली आणि आतल्या खोलीत बापाला सांगायला धावली. आई तिच्यामागे गेली. पडद्यावर नुसती भिंत उरली, आणि लांबून दोन-तीन माणसांचे, एकमेकांत मिसळलेले आवाज.

"काय हो," बायको म्हणाली, "रेडिओ बंद पडला वाटतं?"

"थांब गं," रेडिओने फोन कानाजवळ धरला. "आत काय बोलतायत, ते ऐकू दे."