ठिपक्यांचा कळप

दुष्काळाचं साल होतं. चिकलठाण्याच्या चराऊ माळावर उठलेल्या नव्या कॉलेजात संगणकावर केलेली एक जुनी अमूर्त चित्रफीत दाखवत होते. काळा पडदा आणि त्यावर पळणारे पांढरे ठिपके, बस. मीही सगळ्यांसारखाच कळल्याचा आव आणून मान हलवत होतो.

पाणी प्यायला आत आलेला एक धनगर घोंगडं सावरत शेजारी टेकला. ठिपके पांगताच त्यानं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. नेमके तेव्हाच ठिपके गोळा झाले! त्यानं ऐटीत मिशीवर हात फिरवला.

"लई गुणाची मेंढरं," तो मला म्हणाला, "पण खावं काय त्यांनी? समदं रान जळालंय."

शेवटी एकेक ठिपका विझून पडदा रिकामा झाला. आम्ही टाळ्या पिटल्या. तो मात्र धडपडत बाहेर पळाला, आपली मेंढरं आहेत का बघायला.