भोंगेवाली जाऊबाई

आमच्या थोरल्या जाऊबाई बंदराच्या कचेरीत भोंग्यावर होत्या. समुद्राखाली भूकंप झाल्याचा संदेश आला की भोंगा वाजवायचा आणि खालच्या गल्ल्यांतली माणसं टेकडीवरच्या शाळेत न्यायची, हे त्यांचं काम. लोक त्यांना भोंगेवाली म्हणायचे, आणि त्यात कौतुक नव्हतं. सराव असला की न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळायचं, तान्ही पोरं दचकून उठायची, आणि बोलणी खायची जाऊबाईंनी. आमच्या ह्यांची बेकरी होती. सख्ख्या वहिनीचा भोंगा, तरी हे भट्टीपासून हलायचे नाहीत.

एका सकाळी भोंगा वाजला तो सरावाचा नव्हता. पण भूकंप इतका लांब झाला होता की आमच्याकडे कपबशीही हलली नव्हती.

"तिकडच्या भूकंपाचं आपल्याला काय?" ह्यांनी विचारलं.

जाऊबाई दारातूनच वैतागल्या. "भाऊजी, समुद्राचा तळ उचलला गेला की वरचं सगळं पाणी ढकललं जातं. खोल पाण्यात ती लाट विमानाच्या वेगाने पळते आणि होडीतल्याला पत्ता लागत नाही. किनाऱ्याशी उथळ लागलं की वेग कमी होतो आणि पाणी वर चढतं. आता चला."

सगळे कुरकुरत टेकडी चढले. खाली पाणी ओसरलं, होड्या चिखलात कलंडल्या. मग लाट आली, धक्क्यावर गुडघाभर पाणी करून परत गेली. लोक हसले.

"एवढ्यासाठी भट्टी विझवली," म्हणत हे उतरायला लागले. त्यांच्यामागे आणखी पाचपंचवीस.

जाऊबाईंनी कचेरीची गाडी रस्त्यात आडवी लावली आणि किल्ली मुठीत धरून पुढे उभ्या राहिल्या. "पहिलीच लाट मोठी असते असं नाही. पाणी तासन्‌तास येत-जात राहतं. किती वेळा सांगू? तोंडाला फेस आला माझ्या."

"वहिनी, गाडी काढा."

"नाही काढत. जा, तक्रार करा माझी."

अर्धा तास हुज्जत चालली, आणि मग दुसरी लाट आली. ती भिंतीसारखी उभी नव्हती. समुद्र नुसता चढत राहिला, थांबेचना. होड्या बाजारात शिरल्या, बेकरीचं छप्पर तरंगत गेलं. मागे फिरताना पाण्याने उरलंसुरलंही ओढून नेलं. ह्यांनी वहिनीचा दंड घट्ट धरून ठेवला होता, ह्यांना स्वतःला ते कळलंही नसावं.

माणूस एकही गेला नाही. दुपारी कापडवाला शाळेच्या व्हरांड्यात आला. "आता तरी खाली जाऊ का?"

जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. उत्तर ह्यांनी दिलं, "वहिनी सांगतील तेव्हा." मग तेच जाऊन गाडीपुढे उभे राहिले.